नावांच्या जागी टाळ्या

“सगळी कडवी?” मी विचारलं.

“सगळी,” अ‍ॅलेक म्हणाला. “क्रिसी, फोनवर शब्द दिला ना तुला? आता किती वेळा देऊ?”

तो आरशासमोर उभा राहून निळं जाड स्वेटर पोटावरून खाली ओढत होता. असलं स्वेटर घालून माझे आजोबा हेरिंग मासे धरायला जात. अ‍ॅलेक गेडिस हा शाळामास्तरांचा मुलगा, ऑर्कनीच्या फेरीबोटीत बसला की पहिल्या दहा मिनिटांत ओकायला बादली मागतो. पण चाळीस वर्षं ‘साउथ पियर’ या आमच्या गाण्याच्या मंडळाचे चारही जण हीच स्वेटरं घालून स्टेजवर उभे राहिले, आणि जर्मनीपासून कॅनडापर्यंत लोकांनी त्यांना कोळी समजून पैसे मोजले.

“नावांचं कडवं आहे ना तुझ्याकडे?” मी पुन्हा विचारलं.

“आहे गं बाई, आहे. कुठेतरी लिहिलेलं आहे. जा, इसाआंटीला पुढे बसव. टीव्हीवाले आलेत, त्यांना ती दिसली पाहिजे.”

कोपऱ्यात डॉड स्लेटर त्याची कॉन्सर्टिना पुसत बसला होता. हातात मावणारी ती पेटी त्याच्या बापाची. डॉडनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. डॉड खोटं बोलत नाही, पण दुसरा खोटं बोलत असला की पुसायला काहीतरी शोधतो.

मी आईची चाकाची खुर्ची ढकलत सभागृहात नेली. शनिवारची दुपार होती. वृद्धाश्रमानं आईला सहापर्यंतच सोडलं होतं. पोर्टनेससारख्या एवढ्याशा गावात दोनशे माणसं जमली होती, निम्मी बाहेरची. ‘साउथ पियर’च्या पहिल्या रेकॉर्डला चाळीस वर्षं, आणि ज्या गावात सुरुवात झाली तिथेच सोहळा. दारावर फलक होता. त्यावर अ‍ॅलेकचं तोंड दार झाकेल एवढं मोठं होतं.

“कोणाचं लग्न आहे?” आईनं विचारलं.

“लग्न नाही गं. अ‍ॅलेकचं गाणं आहे.”

“कोण अ‍ॅलेक?”

माझी आई ब्याण्णव वर्षांची. तिला अ‍ॅलेक आठवत नव्हता यात मला थोडा आनंद झाला, तो मी लपवत नाही.

गाण्याची गोष्ट सांगते, म्हणजे मला राग कशाचा आला ते कळेल.

आमच्या गावात तीनच आडनावं. फ्लेट, स्लेटर आणि वॉट. नावंही बापाची मुलाला, आजोबांची नातवाला. त्यामुळे एका गल्लीत पाच-पाच जेम्स फ्लेट असायचे. मग पोस्टमननं पत्र कोणाला द्यायचं आणि बायकोनं जेवायला कोणाला हाक मारायची? म्हणून प्रत्येकाला एक हाकेचं नाव. ते बोटीच्या नोंदीतही असायचं आणि दुकानदाराच्या वहीतही. माझे आजोबा जेम्स फ्लेट ‘किंग’. माझी आई म्हणजे किंगची इसा, मी किंगच्या इसाची क्रिसी. नुसतं क्रिसी म्हटलं तर गावात कोणी वळून बघत नसे.

एकोणीसशे सदतीसच्या ऑक्टोबरात ‘पॅन्सी’ नावाची बोट यारमथच्या बाहेर बुडाली. हेरिंगच्या मागे आमच्या सगळ्या बोटी तिकडे दक्षिणेला जात, आणि मासे चिरायला गावातल्या बायका आगगाडीनं जात. आई पंधरा वर्षांची होती, तिचा पहिलाच हंगाम. बोटांना चिंध्या गुंडाळून ती धक्क्यावर मासे चिरत उभी होती, तेव्हा बातमी आली. सात माणसं गेली. त्यांत तिचा बाप.

त्या रात्री भाड्याच्या खोलीत सात घरच्या बायकांनी मिळून गाणं केलं. चाल जुनीच होती. पण शेवटच्या कडव्यात प्रत्येकीनं आपल्या माणसाची एक ओळ घातली. हाकेच्या नावानं. कारण चर्चच्या स्मृतिदगडावर तीन जेम्स फ्लेट कोरले जाणार होते, आणि त्यातला माझा कुठला हे पुढे कोणालाच कळलं नसतं. बायकांना ते तेव्हाच समजलं होतं.

आणि आमच्याकडे रीत अशी की गाणं माणसाचं असतं. ज्याचं गाणं तो खोलीत बसला असेल तर दुसऱ्यानं ते म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर विचारायचं. आणि एकदा तुम्ही आपलं गाणं दुसऱ्याला दिलंत की दिलंत. मग तुम्ही ते म्हणत नाही. ओटीत घातलेलं कोणी परत मागतं का?

एकाहत्तर साली अ‍ॅलेक, डॉड, अ‍ॅबर्डीनचा एक फिडलवाला आणि मी, अशी चौघं पबच्या मागच्या खोलीत गाऊ लागलो. मी एकोणीस वर्षांची. आईनं मला एका संध्याकाळी बटाटे सोलता सोलता ते गाणं शिकवलं. तीनदा म्हणून घेतलं. मग म्हणाली, “घे. आता तुझं.” त्या दिवसानंतर तिनं ते कधी तोंडातसुद्धा आणलं नाही.

पबमध्ये आम्ही ते पुरं म्हणायचो. नावांचं कडवं आलं की म्हातारे टोप्या काढायचे, ग्लास खाली ठेवायचे. कोणी साथ द्यायचं नाही. सात मिनिटांचं गाणं.

चौऱ्याहत्तर साली एडिनबराला पहिली रेकॉर्ड झाली. तिथला साहेब काचेपलीकडून म्हणाला, सात मिनिटं कोण ऐकणार? आणि ही कोणाची नावं? ग्लासगोतल्या माणसाला त्यांच्याशी काय करायचंय? अ‍ॅलेक मला बाहेर घेऊन गेला. “क्रिसी, नावं गावात म्हण ना तू. इथे जरा उठाव पाहिजे,” म्हणाला. त्यानं गाणं दुप्पट वेगानं घेतलं, आणि नावांच्या सात ओळींच्या जागी सात टाळ्या घातल्या. एका नावाला एक. हिशेब मात्र चोख.

मी नाही म्हणाले असते तर थांबलं असतं. गाणं माझं होतं, मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मी बावीस वर्षांची होते, मला रेकॉर्डवर माझा आवाज हवा होता. स्टुडिओच्या बोळात उभं राहून आम्ही चौघांनी त्या टाळ्या वाजवल्या. त्यांत माझेही दोन हात आहेत.

आईनं रेकॉर्ड ऐकली. टाळ्या आल्या तशी ती उठली आणि चुलीवर सूप ठेवायला गेली. मी मागे मागे गेले. “रागावलीस का गं?”

“गाणं तुझं आहे,” ती म्हणाली. “तुला हवं तसं कर.”

आणि मी खूश झाले. इतकी मी मूर्ख.

पुढे मला मूल झालं, मी गावात राहिले, मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिले. ‘साउथ पियर’नं दुसरी गाणारी आणली, मग तिसरी, चौथी. फिडलवाले आले-गेले. अ‍ॅलेक राहिला आणि ते गाणं राहिलं. म्युनिकला लोक टेबलावर चढून टाळ्या वाजवू लागले. मग लग्नांत शेवटचा नाच त्याच्यावर. मग फुटबॉलच्या मैदानात. एका वर्षी तर गोठवलेल्या माशांच्या जाहिरातीत ते लागलं. सात टाळ्या वाजायच्या आणि दर टाळीला एक तळलेला तुकडा उडी मारून ताटात पडायचा. सात तुकडे. मी कारखान्याच्या जेवणघरात बसून ती जाहिरात पाहिली आणि डबा तसाच घरी आणला.

म्हणून मी अ‍ॅलेकला फोन केला होता. आई जिवंत आहे तोवर, तिच्यासमोर, गावासमोर, एकदा ती नावं म्हण. एवढंच. पैसे नकोत, माझं नाव नको. तो म्हणाला, “दिला शब्द.”

तर, सभागृहात.

तासभर त्यांचं गाणं-बजावणं झालं. मग अ‍ॅलेक माइकपाशी आला, डोळे ओले करून. ते त्याला कधीही जमतं. “मित्रहो, पुढचं गाणं ज्या मातीतून उगवलं, ती माती आज आपल्यात बसलीय,” म्हणाला.

माझी आई माती. मी दात आवळून बसले.

खाली येऊन त्यानं आईच्या मांडीवर एक चौकट ठेवली. काचेत सोनेरी रेकॉर्ड. टीव्हीवाला गुडघ्यावर बसला. आईनं चौकट हातानं चाचपली.

“चांगला ट्रे आहे,” ती म्हणाली. “चार कप मावतील.”

लोक हसले. अ‍ॅलेकही हसला आणि वर गेला. त्यानं तिला विचारलं नाही. गाणं तिनं मला दिलेलं असलं तरी आलं तिच्याकडून; नुसतं “इसाआंटी, म्हणू का?” एवढंच विचारायचं होतं. बंदरावरचा दारुडासुद्धा विचारतो.

मी मनात म्हटलं, विसरला असेल. नावं तर म्हणेल.

गाणं सुरू झालं, तेच दुप्पट वेगाचं. पहिलं कडवं, दुसरं. बोट निघाली, वारा फिरला. मी खुर्चीचा दांडा धरून वाट पाहत होते. आता थांबेल, आता वेग उतरवेल. अ‍ॅलेकनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि ओरडला, “चला पोर्टनेस, सगळे मिळून.”

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक. किंग गेला. दोन. डोसी गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईकडे वळले, तिचे कान झाकावेत म्हणून.

आई टाळ्या वाजवत होती.

ते चिरांचे, वाकड्या बोटांचे हात बरोबर ठेक्यावर पडत होते. तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. “क्रिसी,” ती मला म्हणाली, “हे मला येतं!”

मी उठले. स्टेजला बाजूनं चार पायऱ्या आहेत, त्या कशा चढले ते आठवत नाही. अ‍ॅलेकनं मला पाहिलं आणि गाणं आणखी जोरात रेटलं. पहिला थांबला डॉड. त्यानं पेटी मिटली. पेटी गेल्यावर फिडल लंगडलं, मग गिटार, आणि मग अ‍ॅलेकचा आवाज एकटाच उरला. तो थांबला.

“क्रिसी, काय करतेयस?” तो माइकपासून तोंड वळवून म्हणाला.

“सरक,” मी म्हटलं.

मी माइक धरला. “हे गाणं किंगच्या इसाचं आहे,” मी म्हणाले. “ती इथे बसलीय. तिला कोणी विचारलं नाही. मीही चाळीस वर्षांपूर्वी विचारलं नव्हतं.”

आणि मी नावांचं कडवं धरलं, जुन्या वेगानं, एकेक पाऊल टाकत.

किंग, तुझी खुर्ची रिकामी.
डोसी, तुझं दार उघडं.
कॅरट, तुझे मोजे अर्धेच सुईवर.

मागच्या भिंतीपाशी एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मग आणखी दोघांनी. डॉड माझ्यामागे उभा राहिला होता. डोसी त्याचा सख्खा चुलता.

ब्लू, तुझी होडी वाळूत पालथी.
शेव्ही, तुझा वस्तरा गंजला.
पिंट, तुझं बाळ चालू लागलं.

आणि सातव्या नावाला माझं तोंड उघडं राहिलं.

ओळ येत होती. ‘तुझा चहा गार झाला.’ ही त्याच्या बायकोची ओळ. चाल येत होती. तो तिसरा जेम्स फ्लेट, इंजिनावरचा, हेही ठाऊक होतं. पण त्याला हाक काय मारायचे? मी शोधलं. जीभ टाळूला लागली, ओठ मिटले, काही नाही. आईनं तीनदा म्हणून घेतलं होतं. पबमध्ये तीन वर्षं मी ते म्हटलं होतं. आणि मग चाळीस वर्षं मी ते डोक्यात आहे असं समजून तिथे डोकावलेच नव्हते.

मी डॉडकडे पाहिलं. त्यानं हळूच मान हलवली. त्याला आपला चुलता ठाऊक, दुसऱ्याचा नाही. मी आईकडे पाहिलं. ती चौकटीच्या काचेत आपलं तोंड बघत होती.

अ‍ॅलेक माझ्या कानाशी आला. “घाल ना कुठलंही,” कुजबुजला. “कोणाला कळतंय? कॅमेरा चालू आहे.”

माझ्या आयुष्यात मी कोणाला मारलं नाही. त्या क्षणी मारलं असतं. पण त्यासाठी गाणं सोडावं लागलं असतं.

कुठलंही नाव घातलं असतं तर खरंच कोणाला कळलं नसतं, हे मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून मी घातलं नाही. त्या नावाला जेवढी जागा लागते तेवढी मी गप्प राहिले. मागे कोणीतरी चुकून एक टाळी वाजवली आणि शेजाऱ्यानं त्याचा हात धरला असावा, कारण दुसरी आली नाही. मग मी म्हटलं,

तुझा चहा गार झाला.

आणि खाली उतरून आईची खुर्ची दाराकडे वळवली.

अ‍ॅलेकनं मला मागच्या खोलीच्या बोळात गाठलं. स्वेटर काखेत भिजलं होतं.

“चाळीस वर्षं,” तो म्हणाला. “चाळीस वर्षं मी ते गाणं जगभर नेलं. माझ्याविना ते तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात मेलं असतं.”

“मेलं असतं तर पुरं मेलं असतं,” मी म्हटलं. “नावांसकट. तू त्याची कातडी काढून ढोल केलास.”

“मी? आणि तू काय केलंस? तुला तरी कुठे येतंय ते? माझ्याकडे नाव नव्हतं, कबूल. पण मला ते कोणी दिलंच नव्हतं. तुला दिलं होतं.”

त्याच्या तोंडून चाळीस वर्षांत निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. त्याचाच राग मला सगळ्यांत जास्त आला, आणि अजून येतो.

पुढचे दोन महिने डॉड आणि मी नाव शोधत फिरलो. चर्चच्या दगडावर तीन जेम्स फ्लेट आहेत, एकाखाली एक, एकाच मापाच्या अक्षरांत. बोटीच्या नोंदीची वही बंदरातल्या आगीत गेलेली. इंजिनवाल्याची बायको पुढच्याच वर्षी कॅनडाला गेली होती. डॉडनं तिथल्या चर्चना पत्रं लिहिली. दोन उत्तरं आली, दोन्ही फार सौजन्याची. गावात नव्वदीपुढची चार माणसं होती. एकानं ‘बॉबिन’ सांगितलं, दुसऱ्यानं ‘लँग’, आणि तिसऱ्यानं मला विचारलं की मी स्लेटरांची मुलगी का. चौथी माझी आई.

डॉडनं ‘साउथ पियर’ सोडलं. बाप गेल्यापासून दुसरं काही न केलेला माणूस, त्र्याहत्तराव्या वर्षी त्यानं फोन करून सांगितलं, “अ‍ॅलेक, माझं स्वेटर सभागृहातच आहे, दुसऱ्याला घाल.”

अ‍ॅलेकचं काही अडलं नाही. वसंतात त्यांची नवी रेकॉर्ड आली, ‘मूळ रूपात’. टीव्हीवर माझे मिनिटभर गप्प राहिलेले ओठ गाजले होते ना. आता तो सहा नावं म्हणतो, संथ, डोळे मिटून. सातव्या जागी थांबतो. वर्तमानपत्रात लिहून आलं की ती शांतता हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी क्षण आहे. ग्लासगोच्या मोठ्या सभागृहात त्या शांततेनंतर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात असं ऐकलं. मी गेले नाही.

मी रविवारी वृद्धाश्रमात जाते. आईला जेवण भरवून झालं की तिचा चष्मा पुसते, खुर्ची खिडकीशी लावते, आणि गाणं म्हणते. तिनं मला दिलेलं आहे, तरी दर वेळी विचारते, “आई, म्हणू का?” ती कधी हो म्हणते, कधी खिडकीबाहेर बघते.

हळू आवाजात म्हणते, शेजारच्या पलंगावरच्या बाईला झोप लागलेली असते. किंग, तुझी खुर्ची रिकामी. ते आपल्या बापाचं नाव आहे हे तिला समजतं की नाही, सांगता येत नाही. डोसी. कॅरट. ब्लू. शेव्ही. दर रविवारी वाटतं, आज तिच्या ओठांवर येईल. पिंट, तुझं बाळ चालू लागलं. मी थांबते आणि तिच्या तोंडाकडे बघते. तिचं तोंड हसरं होतं आणि दोन्ही हात मांडीवरून वर येऊ लागतात, टाळीसाठी.

मी ते हात मध्येच धरते. बोटं वाकडी आहेत, पूर्ण उघडत नाहीत, म्हणून मुठीच धराव्या लागतात. ती थोडी ओढते. त्या नावाला लागेल तेवढा वेळ मी ते तसेच धरून ठेवते, मग सोडते.